नोटरीपुढे घ्यायचं नाव

तयारी कशी करावी हे जगानं पुसेगावच्या सोनाजी गोऱ्यांकडून शिकावं, असं खुद्द सोनाजींचं मत होतं. गावाचं मत जरा वेगळं होतं, पण ते विचारायला सोनाजी कधी गेले नाहीत. एकदा हिंगोलीला नात्यातल्या लग्नाला जायचं ठरलं. सोनाजींनी ऊन पडलं तर टोपी, पाऊस आला तर छत्री, जेवण उरलं तर डबा, अशी कडेकोट तयारी केली. मांडवात पोचले तेव्हा नवरी सासरी निघाली होती! "पण छत्री विसरलो न्हाई," असं ते आजही छाती काढून सांगतात.

तर अशा माणसाच्या घरात नोटरीचं काम निघालं. आता बोला!

काम तसं चिमूटभर. सोनाजींची एकुलती एक लेक वैष्णवी. बारावीनंतर एक वर्ष तिनं घरीच बसून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास केला. डॉक्टरकी हुकली, पण हिंगोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा लागली. कॉलेजला एकच कागद हवा होता. मधल्या वर्षात पोरगी दुसरीकडे कुठं शिकायला नव्हती, असं पालकाचं शपथपत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट. शुक्रवारी संध्याकाळी पाचला खिडकी बंद. कागद आला नाही तर जागा पुढच्या पोरीला.

आणि पालक कोण? तर पद्माबाई, म्हणजे वैष्णवीची आई. ज्या दिवशी ऑनलाइन फॉर्म भरला त्या दिवशी सोनाजी वारंगा फाट्यावर जुनं मळणीयंत्र बघायला गेले होते. घ्यायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. फोनची बॅटरी संपलेली. मग पोरीनं पालक म्हणून आईचं नाव टाकलं आणि मोकळी झाली.

"म्हंजे मंग मी कोन?" सोनाजींनी दुखावून विचारलं.

"तुमी पप्पा," वैष्णवी म्हणाली. "पालक मम्मी हाय. आता बदलता येत न्हाई."

सोनाजींनी तो घोट गिळला. मग मिशीवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "काई फिकीर करू नका! नोटरी म्हंजे काय वाघ हाय का? तुझ्या मायची समदी तयारी मी करून घेतो!"

बिघडायला सुरुवात झाली ती इथून.

नोटरीपुढे बाईची ओळख पटवायला साक्षीदार लागतो, म्हणून सोनाजींनी मुंजाजीला बोलावलं. मुंजाजी हा त्यांचा धाकटा चुलतभाऊ. घराला घर लागून, मधे फक्त कमरेएवढी भिंत. स्वभावानं गरीब, पण ऐकलेल्या गोष्टीला फोडणी दिल्याशिवाय ती पुढे वाढायची नाही, हा त्याचा नेम.

"दादा, नोटरीला हलक्यात घेऊ नगा," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "माझी मेव्हणी गेल्ती कोर्टात साक्षीला. सायबानं पैलाच सवाल टाकला, नवऱ्याचं नाव सांगा! बाई गप. पदर तोंडात! पुन्यांदा इचारलं, तरी गप. झालं! पडली तारीख!"

"काका, नोटरी म्हंजे कोर्ट न्हाई," वैष्णवी म्हणाली. "तिथं नुसती सही घेतात."

"पोरी, काळा कोट तिथं बी हाय अन् इथं बी हाय!"

तारीख हा शब्द सोनाजींच्या काळजात जाऊन बसला. शुक्रवारनंतरची कुठलीही तारीख पडली म्हणजे पोरीच्या नर्सिंगवर पाणीच. ते बायकोकडे वळले.

"आगं, तुझं पूर्ण नाव सांग बरं."

"पद्माबाई."

"फुडं?"

"गोरे."

"अन् मधलं?"

"हाय की मधी," पद्माबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मंडळी, पद्माबाईंनी लग्नापासून आजवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. लग्नात उखाणा घेतला होता म्हणतात, पण नावाच्या जागी त्या इतक्या हळू पुटपुटल्या की ते फक्त मांडवाच्या मेढीला ऐकू गेलं. मोबाइलमध्ये नवऱ्याचा नंबर 'वैष्णवीचे पप्पा' म्हणून. बचत गटात पूर्ण नाव विचारलं की त्या शेजारणीला कोपर मारायच्या आणि शेजारीण सांगायची. एवढंच काय, नावाला लागून येतं म्हणून त्या सोन्याला सोनंसुद्धा म्हणत नसत. पिवळं म्हणत! दसऱ्याला आपट्याची पानं हातावर ठेवून "पिवळं घ्या, पिवळ्यावानी राव्हा" असं म्हणणारी बाई अख्ख्या सेनगाव तालुक्यात एकटीच असेल. नवीन माणसाला वाटायचं, बाई कावीळ वाटून राहिली की काय!

"आता पोरीसाठी घ्यावं लागंल नाव," सोनाजी म्हणाले.

"मी न्हाई घेणार."

"काहून?"

"आत्याबाईंला इचारा."

आत्याबाई म्हणजे सोनाजींच्या आई, मोतीबाई. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली न ठेवता निकाल दिला.

"बायकूनं नवऱ्याचं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य एका दिसानं कमी व्हतंय. एका येळंला एक दिस. माझ्या सासूनं मला सांगितलं, म्या हिला सांगितलं."

"ह्याला काय पुरावा?" वैष्णवीनं विचारलं.

"तुझा आजा नव्वदीत गेला. म्या एकदा बी नाव घेतलं न्हाई. अजून काय पुरावा पायजे?"

सोनाजी तसे शिकलेले, दहावीपर्यंत. असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं ते पारावर नेहमी सांगायचे. पण पारावर बोलताना स्वतःचं आयुष्य मधे येत नसतं. त्यांनी मनात हिशेब केला. नोटरीपुढे एकदा घ्यायचं म्हणजे एक दिवस. लेकीसाठी एक दिवस द्यायला बाप तयार होता. पण सरावाशिवाय ही बाई तिथं बोलणार नाही. आणि सराव म्हणजे दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा नाव! शुक्रवार उजाडेपर्यंत आपले तीन महिने सहज उडून जायचे!

"उखाण्यात घेऊ द्या की," वैष्णवी वैतागून म्हणाली. "उखाण्यात चालतंय ना आज्जी?"

"उखाण्यातलं मोजत न्हाईत," मोतीबाई म्हणाल्या.

"शपथंवर उखाना चालत न्हाई!" मुंजाजी म्हणाला. मेव्हणीच्या अनुभवानं तो कायदेपंडित झाला होता.

सोनाजींनी डोळे मिटले. तयारीचा खरा गडी अडचणीतच चमकतो. त्यांनी डोळे उघडले ते हसतच.

"सराव दुसऱ्याच्या नावानं करायचा!"

"म्हंजे?"

"म्हंजे जीभ वळाया पायजे. एकदा का बाईला पूर्ण नाव बोलायची सवय लागली की झालं. तिथं गेल्यावर फकस्त मधलं बदलायचं. माझा दिस बी वाचला अन् पोरीचं काम बी झालं!"

आता नाव कुणाचं घ्यायचं यावर बराच खल झाला. देवाचं घ्यावं तर पाप लागेल. मेलेल्याचं घ्यावं तर अपशकुन. गावातल्या कुणा थोरल्याचं घ्यावं तर पद्माबाईंना त्याचीही चोरी. शेवटी सोनाजींची नजर समोर चहा पिणाऱ्यावर गेली. धाकटा दीर. घरचाच माणूस. आडनावही तेच, त्यामुळे बदलायचं आणखी कमी!

"ह्याचं घ्यायचं!"

मुंजाजीला ठसका लागला. "माझं आयुष्य कमी व्हतंय ना दादा मंग!"

"परक्या बाईनं घेतलं तर काई व्हत न्हाई," मोतीबाईंनी दुसरा निकाल दिला. वरच्या कोर्टात दाद मागायची सोय नव्हती.

सराव सुरू झाला. वैष्णवी नोटरी झाली. तिनं खांद्यावर बापाची काळी घोंगडी टाकली, खुर्चीवर बसली आणि आवाज जाड करून विचारलं, "बाई, पूर्ण नाव सांगा!"

"पद्माबाई... मुंजाजी... गोरे."

"मोठ्यानं!"

"पद्माबाई मुंजाजी गोरे!"

"ओ, वैनी?" भिंतीपलीकडून मुंजाजीनं उत्तर दिलं.

पहिला दिवस असाच गेला. पद्माबाईंनी नाव घ्यायचं आणि भिंतीपलीकडून 'ओ' यायचं. दुसऱ्या दिवशी पद्माबाईंची जीभ वळली. तिसऱ्या दिवशी ती थांबेना! त्या भाकरी थापताना म्हणू लागल्या, नळावर घागर भरताना म्हणू लागल्या, सोयाबीन कापायला गेल्या तिथंही दर ओळीगणिक म्हणू लागल्या. "पद्माबाई मुंजाजी गोरे, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली!" शेजारच्या पाथीतल्या बायांचे विळे हवेतच थांबले.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली. गोऱ्याच्या पद्माबाईनं नवरा बदलला! किराणा दुकानाच्या फळीवर तर त्या बातमीला तपशीलही फुटले. कागद करायला शुक्रवारी हिंगोलीला जाऊन राहिलेत, वकील पण ठरलाय, आणि सोनाजी गरीब बिचारा स्वतःच तिला पाठ करून देऊन राहिलाय! दोघा-तिघांनी सोनाजींच्या खांद्यावर हात ठेवून "धीर धर" असं सांगितलं. सोनाजींना वाटलं नोटरीविषयीच बोलतायत. "धीर काहून धरू? तयारी फुल्ल हाय!" असं ते म्हणाले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुंजाजीला मात्र ही कीर्ती अंगी लागली. दुकानात लोक वळून बघू लागले तसा त्यानं डोक्याला तेल लावलं, इस्तरीचा शर्ट चढवला, आणि उगाचच नळाकडून दोन चकरा मारल्या.

गुरुवारी दुपारी त्याची बायको आशाबाई भिंत ओलांडूनच आली. दारातून यायलाही तिला वेळ नव्हता.

"अक्का! माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन राह्यल्या तुमी गावभर!"

"सरावाला गं, आशा."

"सरावाला तुमचा नवरा वापरा की! माझा काहून? काल बाजेवरून पडले हे! चांगला झोपलेला माणूस! आत्याबाई म्हंत्यात काई व्हत न्हाई. मंग पडले कसे?"

"बाजंचं सुंभ सैल हाय," मुंजाजी भिंतीपलीकडून म्हणाला.

"तुमी गप बसा! अन् तो इस्तरीचा शर्ट काढा आदी!"

आशाबाईनं साफ सांगितलं, हे उद्या साक्षीला येणार नाहीत. साक्षीदार नाही म्हणजे शिक्का नाही, शिक्का नाही म्हणजे जागा गेली. त्यांनी समजूत घातली, हात जोडले, वैष्णवीनं काकूच्या गळ्यात हात टाकला. शेवटी तोड निघाली. मुंजाजी येईल, पण आशाबाईही सोबत येईल, आणि त्याच्या अन् पद्माबाईंच्या मधे बसेल.

शुक्रवारी निघायला अर्थातच उशीर झाला. सोनाजींची पिशवी भरून संपत नव्हती. सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, लाइट बिल, वैष्णवीचे पहिलीपासूनचे निकाल, दोन पेनं, तिसरं पेन त्या दोघांसाठी, आणि बैलाच्या लसीचा कागद. बैल कशाला, असं वैष्णवीनं विचारलं. "मागितला तर?" सोनाजी म्हणाले. पहिली जीप गेली, दुसरी गेली, तिसरीत ही वरात कोंबून बसली. हिंगोलीत उतरले तेव्हा दुपार कलली होती.

नोटरी निघाल्या एक बाई! करुणा मॅडम म्हणत त्यांना. कोर्टाजवळच्या लहानशा खोलीत टेबल, पंखा, खुर्चीच्या पाठीला काळा कोट आणि समोर बाकावर गर्दी. सोनाजींनी पिशवी टेबलावर रिकामी करायला घेतली, तर मॅडम म्हणाल्या, "आधार कार्ड फक्त. बाकी राहू द्या." सोनाजींनी बैलाचा कागद जड मनानं परत घातला.

बाहेरून टाइप करून आणलेलं शपथपत्र मॅडमनी पुढे ओढलं, शिक्का हातात घेतला आणि सवयीनं, मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव सांगा बाई."

सोनाजींनी वैष्णवीकडे विजयी नजर टाकली. बघ! विचारतात की नाही!

पद्माबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. नजर समोर. आणि एका दमात, खणखणीत आवाजात, बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पद्माबाई मुंजाजी गोरे, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली!"

सोनाजींच्या तोंडून "शाब्बा" एवढं बाहेर पडलं. 'स' आतच राहिला.

मॅडमचा शिक्का हवेत थांबला. त्यांनी कागद बघितला. "मुंजाजी? इथं तर सोनाजी लिहिलंय. मुंजाजी गोरे कोण?"

"मी, मॅडम," मुंजाजी उठला. इस्तरीचा शर्ट! त्यानं आधार कार्ड पुढे केलं. मुंजाजी गोरे, राहणार पुसेगाव. सगळं बराबर जुळत होतं.

"आणि हे कोण?" मॅडमनी सोनाजींकडे बोट केलं.

पद्माबाईंनी इतक्या वर्षांच्या सवयीनं सांगितलं, "हे वैष्णवीचे पप्पा."

मॅडमनी चष्मा काढला. बाकावरची माणसं पुढे सरकली.

"म्हणजे नवरा मुंजाजी, आणि मुलीचे पप्पा हे?"

"न्हाई वो मॅडम!" आशाबाई किंचाळली. "ते माझे मालक हायेत!"

"कोण ते?"

"ते... हे काय, उभे हायेत की!"

"नाव काय मालकांचं?"

झालं! आशाबाईचा पदर तोंडात गेला. तीही गोऱ्यांचीच सून. मोतीबाईंचा कायदा तिलाही लागू होता. "आमच्यात नाव घेत न्हाईत," ती पदरातून म्हणाली.

मॅडमनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. एक बाई मुंजाजीला नवरा म्हणून छातीठोक सांगतेय, आणि दुसरी त्याचं नावसुद्धा घ्यायला तयार नाही. कुठलाही शहाणा माणूस काय समजेल? बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तर मुंजाजीकडे आदरानं बघून घेतलं.

"मॅडम, त्याचं काय हाय," सोनाजी घामाघूम होऊन पुढे आले, "हिला दुसऱ्याचं नाव सांगायला मीच शिकवलं!"

"शपथपत्रासाठी? दुसऱ्याचं नाव?"

"व्हय! चार दिस करून घेतलं घरी!"

"म्हणजे तयारी करून आलात!"

"फुल्ल तयारी, मॅडम!"

एवढं प्रामाणिकपणे स्वतःच्या पायावर धोंडा पाडणारा माणूस त्या खोलीत आजवर आला नसावा. मॅडमनी शिक्का खाली ठेवला.

"मागच्याच महिन्यात एकानं बायको म्हणून मेव्हणीला आणून बसवलं होतं माझ्यासमोर. मी आता ऐकून घेत नाही. कार्ड एक सांगतंय, बाई दुसरं सांगतेय. यांनी स्वतःच्या तोंडानं, समजून उमजून, खरं नाव सांगितलं तरच शिक्का. नाहीतर नाही. पुढचे कोण?"

सगळे बाहेर लिंबाखाली आले. चार वाजून गेले होते, आणि कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. आशाबाई आणि मुंजाजी एकमेकांकडे पाठ करून उभे. सोनाजी पिशवीत हात घालून काहीतरी शोधत राहिले. या प्रसंगाला लागेल असं त्यात काहीच नव्हतं.

चार दिवस घोंगडी पांघरून हसणारी वैष्णवी आता हसत नव्हती. ती आईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "राहू द्या मम्मी. फुडल्या वर्षी बघू."

ते ऐकून पद्माबाईंचे डोळे भरले. त्या सोनाजींकडे वळल्या. "मला नाव घ्यायची लाज न्हाई वाटत वो. भेव वाटतंय. तुमचं काई कमी-जास्त झालं तं मी काय करू?"

सोनाजींनी पिशवीतून हात काढला. बायकोला आपल्या जिवाची एवढी धास्ती असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना वाटायचं, नाव घेत नाही ती नुसती रीत म्हणून. त्यांना एकदम भरून आलं, आणि अशा वेळी काय बोलायचं याची तयारी त्यांनी कधीच केलेली नव्हती.

"आगं, जाऊ दे एक दिस," ते कसंबसं म्हणाले. "तसे बी तयारी करण्यात माझे लई दिस वाया गेलेत. ह्यो तरी कामाला येईल."

पद्माबाईंनी डोळे पुसले आणि तडक आत गेल्या. बाकी सगळे मागोमाग. सोनाजी दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"सांगते मॅडम."

"सांगा."

पद्माबाईंनी एकवार शेवटची पळवाट बघितली. "साखऱ्याचं माहेर, पुसेगावचं घरदार, यांचं नाव घेते, ॲडमिशनचा आज शेवटचा वार..."

"बाई, उखाणा नको! सरळ सांगा. नवऱ्याचं नाव काय?"

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

"सोनाजी," पद्माबाई म्हणाल्या.

आणि मागे दाराजवळ सोनाजी ताडकन उभे राहून ओरडले, "हजर!"

बाकावर हशा फुटला. मॅडमही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी शिक्का मारला. सोनाजींना त्याचं काही नव्हतं. त्यांचे कान गरम झाले होते. बापानं त्यांना सोन्या म्हटलं, मास्तरांनी गोरे म्हटलं, गावानं काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण आपलं नाव इतकं चांगलं आहे हे त्यांना आज कळलं.

पुढची पळापळ काय सांगावी! रिक्षात पाच जण आणि पिशवी. कॉलेजात पोचले तेव्हा बाबू खिडकीचं दार ओढत होता. वैष्णवीनं फटीतून कागद आत सारला. बाबूनं तो उलटसुलट केला, शिक्का बघितला आणि फाइलला लावला. एवढंच! पोरीची जागा पक्की झाली. आशाबाईनं सगळ्यांसमोर पद्माबाईंना मिठी मारली, आणि नवऱ्याला शर्ट चांगला दिसतो असंही सांगून टाकलं.

परतीच्या जीपमध्ये दाटी होती. सोनाजी आणि पद्माबाई मागच्या फळीवर खेटून बसले होते. बाहेर अंधारून येत होतं. सोनाजींनी खाकरून घेतलं, मुंजाजी झोपलाय याची खात्री केली, आणि बायकोच्या कानाशी वाकले.

"आगं, अजून एकदा म्हन की."

"काय?"

"तेच. मघाचं."

"येडे झालेत का? एक दिस गेला, तेवढा पुरं!"

"जाऊ दे अजून एक. माझाच हाय, मी देऊन राह्यलो."

पद्माबाई पुढे बघत होत्या. जीपवाल्यानं एक हात फोनवर ठेवून हळदीच्या पोत्यांचा ट्रक मागे टाकायला घेतला होता, आणि समोरून एसटी येत होती. जीप ऐनवेळी बाजूला झाली, सगळी फळी एका अंगाला कलंडली, आणि एसटी हॉर्न मारत निघून गेली.

"आत्ता न्हाई," पद्माबाई नवऱ्याचा दंड घट्ट धरून म्हणाल्या. "आदी घरी पोचू द्या. ह्यो बाबा जशी गाडी हाणून राह्यला, त्यात तुमचा एकेक दिस कामाचा हाय!"